तिजोरीत खडखडाट असताना कॉलेज वाढवायचे कसे? कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांचा भागीदारीचा अनुभव

दक्षिणखाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातील कम्युनिटी कॉलेजच्या विश्वस्त मंडळापुढे येत्या सभेत दोन विषय लागोपाठ आहेत. पहिला विषय पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पातील कपातीचा आहे. दुसरा आहे आसपासच्या हायस्कुलांशी आणि प्रौढ शिक्षण केंद्राशी करार करून कॉलेजचे वर्ग कॉलेजच्या आवाराबाहेर नेण्याचा. ज्या संस्थेला आहेत त्या तुकड्या चालवणे जड जात आहे, ती विस्ताराचा विचार कोणत्या बळावर करते, असा प्रश्न कोणालाही पडेल. कॅलिफोर्नियात हा प्रश्न नवा नाही. २००८ ते २०१२ या काळात तो राज्यभर उभा राहिला होता आणि त्याची जी उत्तरे तेव्हा शोधली गेली, त्यांतली काही टिकली, काही फसली. बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरातील, मराठी कुटुंबांचा या कॉलेजांशी रोजचा संबंध आहे, म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहे.

भारतातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १९६० च्या बृहत् आराखड्याने राज्यातील सार्वजनिक उच्च शिक्षणाचे तीन थर ठरवले. हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांसाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी आणि शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज. आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. येथे दोन वर्षे शिकून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते, नर्सिंग किंवा वाहनदुरुस्तीसारखा व्यवसाय शिकता येतो, पन्नाशीत नोकरी गेलेला माणूस नव्याने सुरुवात करू शकतो. १९८४ पर्यंत येथे शिकवणी शुल्कच नव्हते.

आता पैशाची बाजू पाहू. १९७८ साली मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केले. त्यामुळे मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला गेला आणि घराची मालकी बदलेपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढेल असे ठरले. स्थानिक करावर उभी असलेली कॉलेजे त्यानंतर राज्याच्या राजधानीतील, म्हणजे सॅक्रामेंटोच्या, निर्णयांवर अवलंबून राहू लागली. १९८८ च्या प्रपोझिशन ९८ ने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजे यांच्यासाठी किमान निधीची हमी दिली खरी, परंतु ती हमी राज्याच्या उत्पन्नाशी बांधलेली आहे, आणि हे उत्पन्न श्रीमंतांच्या प्राप्तिकरावर व शेअर बाजारातील नफ्यावर मोठ्या प्रमाणात विसंबून असल्यामुळे मंदी आली की ते झपाट्याने कोसळते. नेमक्या त्याच वेळी नोकऱ्या गेलेले लोक कॉलेजच्या दाराशी येतात. गर्दी आणि टंचाई एकाच दिवशी यावी, अशीच या व्यवस्थेची रचना आहे.

२००८ नंतर तेच घडले. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्नियाच्या २०१३ मधील अभ्यासानुसार २००७–०८ ते २०११–१२ या काळात कम्युनिटी कॉलेजांच्या निधीत सुमारे दीड अब्ज डॉलरची घट झाली आणि विद्यार्थिसंख्या सुमारे ५ लाखांनी उतरली. शिकण्याची गरज कमी झाली म्हणून ही संख्या उतरली नव्हती. वर्गात जागा उरली नव्हती. २०१२ च्या शरद सत्राच्या प्रारंभी राज्यभरातील प्रतीक्षा याद्यांवर साडेचार लाखांहून अधिक नावे होती. उन्हाळी सत्राला तर सर्वांत मोठी कात्री लागली. शुल्क २००९ मध्ये प्रति युनिट (म्हणजे प्रति श्रेयांक) २० डॉलरवरून २६, २०११ मध्ये ३६ आणि २०१२ च्या उन्हाळ्यापासून ४६ डॉलर झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रपोझिशन ३० मंजूर होऊन करवाढ झाली, तेव्हा कोठे घसरण थांबली.

या काळात आणि त्याच्या सावलीत जो विस्तार झाला तो भागीदारीतून झाला. २०१० च्या एसबी १४४० या कायद्याने कम्युनिटी कॉलेज आणि स्टेट युनिव्हर्सिटी यांना एका समान पदवीभोवती एकत्र आणले. ही दोन वर्षांची सहयोगी पदवी घेणाऱ्याला स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाचा प्रवेश मिळतो आणि तेथे आणखी ६० युनिट पूर्ण केले की बॅचलर पदवी हाती येते. त्याआधी प्रत्येक विद्यापीठाच्या वेगळ्या अटींमुळे मुले गरजेपेक्षा कितीतरी अधिक विषय घेऊन बसत आणि त्या प्रत्येक जादा विषयापायी दुसऱ्या कोणाची तरी जागा अडत असे. २०१५ च्या एबी २८८ या कायद्याने हायस्कूलशी करार करून शाळेच्या वेळेत, शाळेच्याच इमारतीत कॉलेजचे वर्ग घेण्याची वाट मोकळी केली. प्रौढ शिक्षणासाठी २०१३ पासून कॉलेजे व शालेय जिल्हे (एका भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) यांचे प्रादेशिक संघ उभे राहिले आणि २०१५–१६ मध्ये त्यांना ५० कोटी डॉलरचे अनुदान मिळाले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. भागीदारीने इमारत मिळते, विद्यार्थी मिळतात, कधी यंत्रसामग्री मिळते आणि वाया जाणारे विषय वाचतात. शिकवण्याच्या तासाचे पैसे मात्र भागीदारीतून आपोआप निर्माण होत नाहीत. ज्या करारात त्या तासाचा खर्च कोण आणि किती वर्षे उचलणार हे लिहिलेले असते, तो विस्तार ठरतो. ज्यात ते लिहिलेले नसते, तो मूळ आवारातील एक तुकडी बंद करून दुसरीकडे उघडलेला वर्ग असतो. मी या करारांच्या बाजूने आहे आणि म्हणूनच ते काटेकोर असावेत असे मला वाटते. आपली मते आणि अनुभव अवश्य लिहावेत.

मृदुला_फ्रीमाँट

विषय उत्तम मांडला आहे. प्रौढ शिक्षणाविषयी थोडी भर घालते, कारण त्या काळातील सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली गेलेली हानी तेथेच झाली असे मला वाटते.

२००९ मध्ये राज्याने शालेय जिल्ह्यांना सवलत दिली की प्रौढ शिक्षणासाठी राखीव असलेला निधी त्यांनी हवा तेथे वापरावा. शाळेतील शिक्षक टिकवायचे की संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग, अशी निवड समोर आल्यावर बहुतेक ठिकाणी काय झाले असेल हे सांगायला नको. अनेक प्रौढ शाळा आकसल्या, काही बंद पडल्या. त्या वर्गांत बसणारे लोक सभेत येऊन बोलणारे नव्हते. नव्याने आलेले स्थलांतरित, हॉटेलांत आणि घरकामात राबणाऱ्या स्त्रिया, नातवंडांसाठी आलेले आजी-आजोबा असे ते लोक होते. नोकरदार जोडीदारासोबत एच-४ व्हिसावर आलेल्या आपल्या कितीतरी मैत्रिणींनी घराबाहेरचे पहिले पाऊल अशाच वर्गात टाकले आहे.

त्यामुळे २०१३ नंतरचे प्रादेशिक संघ ही मला खरी भागीदारी वाटते. एका भागातील कॉलेज आणि सर्व शालेय जिल्हे एका टेबलाशी बसून कोणता वर्ग कोठे हवा हे ठरवतात आणि त्यासाठी राज्याचा वेगळा निधी असतो. धागाकर्त्यांनी मांडलेली कसोटी येथे पूर्ण होते. पैसा वर्गाबरोबर आला, म्हणून वर्ग टिकला. कम्युनिटी कॉलेजातील इंग्रजीचे विनाश्रेयांक वर्ग विनाशुल्क असतात, हेही येथे नोंदवून ठेवते, कारण आपल्याकडील अनेकांना ते माहीत नसते.

तासिका

मी या कॉलेजांत गणित शिकवते. पूर्णवेळ नाही, तासिका तत्त्वावर, आणि एकाच वेळी एकाहून अधिक कॉलेज जिल्ह्यांत, म्हणजे कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत. महाराष्ट्रातील वाचकांना ही परिस्थिती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

भागीदारीच्या चर्चेत शिक्षक हा घटक नेहमी शेवटी येतो, म्हणून तो थोडा सविस्तर मांडते. कॅलिफोर्नियात एका जिल्ह्यात तात्पुरत्या शिक्षकाला पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपलीकडे काम देता येत नाही. २००८ पूर्वी ही मर्यादा ६० टक्के होती. शिक्षकाला कायमस्वरूपी काम मिळावे, हा नियमाचा हेतू होता. प्रत्यक्षात ज्याला पोट भरायचे आहे तो सकाळी एका जिल्ह्यात, दुपारी दुसऱ्या आणि रात्री तिसऱ्या जिल्ह्यात शिकवतो. १९८८ च्या एबी १७२५ या कायद्याने श्रेयांक देणाऱ्या अध्यापनापैकी ७५ टक्के पूर्णवेळ शिक्षकांकडून व्हावे असे उद्दिष्ट ठेवले. ते उद्दिष्ट आजही दूर आहे. मंदी आली की सर्वांत आधी ज्या तुकड्या रद्द होतात त्या आमच्या असतात, कारण त्यासाठी कोणाला कामावरून काढल्याचे कागदोपत्री दाखवावे लागत नाही. पुढील सत्रासाठी बोलावणे येत नाही, एवढेच.

अशा पार्श्वभूमीवर हायस्कुलातील कॉलेजवर्ग आला की आम्हाला आनंद व्हावा की काळजी वाटावी? मी अशा करारांतर्गत शिकवले आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो वर्ग फार मोलाचा होता. ज्या घरात कोणीही कॉलेजात गेलेले नाही अशा मुलांना स्वतःच्या ओळखीच्या बाकावर बसून कॉलेजचे गणित जमते हे कळले, आणि त्या जाणिवेने त्यांच्यात झालेला बदल मी पाहिला आहे. परंतु मला तेथे कार्यालयीन तास नव्हते, बसायला जागा नव्हती, आणि एखादे मूल मागे पडले तर त्याला पाठवायला समुपदेशक नव्हता. कॉलेजच्या आवारात या सर्व गोष्टी असतात आणि त्या धरूनच आपण त्याला कॉलेजचा वर्ग म्हणतो. करारात तासाचा खर्च लिहावा हे धागाकर्त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण तासाभोवतीचा खर्चही लिहायला हवा.

मृदुला_फ्रीमाँट

तासिकाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मन अस्वस्थ झाले. हायस्कूलमधील शिक्षकाच्या जागी कॉलेजचा कमी पगाराचा शिक्षक आणला जातो, असा आरोप आमच्याकडील एका पालकसभेत झाला होता. त्यात तथ्य असते का?

तासिका

कायद्याने ते करता येत नाही. एबी २८८ खालील करारात शाळेच्या आवारात शिकवणाऱ्या कॉलेजशिक्षकामुळे शाळेतील विद्यमान शिक्षक विस्थापित झालेला नाही असे प्रमाणित करावे लागते. तसेच एकाच अध्यापनासाठी शालेय जिल्हा आणि कॉलेज या दोघांनीही राज्याकडून अनुदान घेता येत नाही. कागद पक्का आहे. त्याची अंमलबजावणी दरवर्षी कोण पाहते, हा खरा प्रश्न आहे.

टॉरन्सवासी

आतापर्यंतची चर्चा उत्तर कॅलिफोर्नियाभोवती फिरत आहे. दक्षिणेतील एक उदाहरण दिल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही असे वाटते, म्हणून कॉम्प्टनविषयी लिहितो. भागीदारीने कॉलेज वाढल्याची उदाहरणे अनेक आहेत. भागीदारीने एक कॉलेज मरणातून परत आल्याचे उदाहरण मला हेच ठाऊक आहे.

कॉम्प्टन हे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस कष्टकरी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांचे शहर आहे. तेथील कम्युनिटी कॉलेज आर्थिक गैरव्यवहार आणि ढासळलेल्या कारभारामुळे अडचणीत आले. २००४ मध्ये राज्याने स्थानिक मंडळाचे अधिकार काढून घेऊन विशेष विश्वस्त नेमला. तरीही २००६ मध्ये कॉलेजची शैक्षणिक मान्यता गेली. अमेरिकेत मान्यता गेली की विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य मिळत नाही आणि मिळवलेले श्रेयांक इतरत्र ग्राह्य धरले जाण्याची शाश्वती राहत नाही. दार उघडे असले तरी कॉलेज म्हणून ते संपलेले असते.

तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने एबी ३१८ हा कायदा केला. त्यानुसार कॉम्प्टन जिल्ह्याला ३ कोटी डॉलरपर्यंतचे कर्ज उपलब्ध झाले आणि मान्यताप्राप्त असे दुसरे कॉलेज शोधून त्याच्याशी करार करण्यात आला. शेजारचे एल कॅमिनो कॉलेज पुढे आले. ऑगस्ट २००६ पासून कॉम्प्टनच्या त्याच इमारतींत एल कॅमिनोचे केंद्र म्हणून वर्ग सुरू झाले. पदवी एल कॅमिनोची, अभ्यासक्रम एल कॅमिनोचा, मान्यता एल कॅमिनोची, पण मुले आणि आवार कॉम्प्टनचे. ज्याला बसची दोन तिकिटेही परवडत नाहीत त्या विद्यार्थ्याला शिकण्यासाठी शहर सोडावे लागले नाही.

करार झाला आणि दोन वर्षांत मंदी आली. राज्यभर तुकड्या बंद होत होत्या तेव्हा एल कॅमिनोवर स्वतःच्या विद्यार्थ्यांचाही ताण होता. तरीही हा संबंध तुटला नाही, आणि त्याचे कारण मला कराराच्या रचनेत दिसते. कॉम्प्टन जिल्हा स्वतंत्र राहिला होता, त्याचा निधी त्याच्याकडेच येत होता, त्यामुळे एल कॅमिनोला आपल्या मुलांच्या तोंडचा घास काढून तेथे द्यावा लागत नव्हता. एल कॅमिनोने दिली ती विश्वासार्हता आणि शैक्षणिक शिस्त. दुसरे कारण असे की शेवट आधीच ठरलेला होता. कॉम्प्टनने पुन्हा स्वतंत्र मान्यता मिळवायची, हेच ध्येय होते. जून २०१७ मध्ये ती मिळाली आणि २०१९ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले. आज ते पुन्हा कॉम्प्टन कॉलेज आहे.

तेथील लोकांना हा काळ सोपा गेला नाही, हे येथे राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. स्वतःच्या गावचे कॉलेज दुसऱ्याच्या नावाने चालते याचे दुःख होतेच. तरी मान्यता परत मिळेपर्यंतची अकरा वर्षे वर्ग चालू राहिले.

स्पष्टोक्ती

इतक्या चांगल्या उदाहरणांनंतर विरोधी सूर लावत आहे, पण तो लावणे आवश्यक वाटते.

कॉम्प्टनचा करार राज्याच्या कायद्याने आणि राज्याच्या पैशाने झाला. तो अपवाद आहे. सामान्यतः भागीदारी हा शब्द तेव्हाच ऐकू येतो जेव्हा राज्य आपली जबाबदारी कमी करत असते. एकदा कॉलेजाने दाखवून दिले की कमी पैशांत जोडीदार शोधून काम भागते, की पुढील वर्षी तेच कमी पैसे हा मूळ आकडा धरला जातो. मंदी संपते, कपात राहते.

दुसरे म्हणजे जोडीदारही त्याच मंदीत असतो. कम्युनिटी कॉलेज आणि स्टेट युनिव्हर्सिटी यांच्यातील एसबी १४४० चे कौतुक धागाकर्त्यांनी केले. पण हा कायदा झाला त्याच वर्षी, २०१० च्या वसंत सत्रासाठी, स्टेट युनिव्हर्सिटीने नवे प्रवेश जवळजवळ बंद केले होते, कारण तिचाही निधी कापला गेला होता. दोन वर्षे पूर्ण करून उभे असलेले विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजातच अडकून राहिले आणि नव्यांची वाट बंद झाली. उद्योगांचेही तेच. फ्रीमाँटचा नुम्मी मोटार कारखाना १ एप्रिल २०१० रोजी बंद झाला आणि सुमारे ४,७०० कामगारांची नोकरी गेली. त्यांना नवे कौशल्य शिकवण्याची सर्वाधिक गरज होती त्या वर्षी शिकवायला ना कारखाना उरला होता, ना कॉलेजात पुरेशा तुकड्या.

पैसा नसताना विस्तार करण्याचा मोह कोठवर जातो हे सँटा मोनिका कॉलेजात २०१२ मध्ये दिसले. ज्या विषयांना गर्दी आहे त्यांच्या जादा तुकड्या पूर्ण खर्च विद्यार्थ्यांकडून वसूल करून, म्हणजे नेहमीच्या दराच्या कित्येक पट शुल्क घेऊन, चालवण्याची ती योजना होती. एकाच कॉलेजात एकाच विषयाचे दोन दर. एप्रिलमधील विश्वस्त मंडळाच्या सभेत विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, त्यांच्यावर पेपर स्प्रे मारला गेला, आणि नंतर योजना बाजूला ठेवावी लागली. तेथे बाहेरचा भागीदार नव्हता हे मान्य, परंतु विचाराची दिशा तीच होती की राज्य देत नाही तर दुसरीकडून आणू.

पुणेरी_वाचक

दूरवरून एक समांतर अनुभव सांगतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले ते मुळातच भागीदारीच्या पायावर. राज्यभरातील विद्यमान महाविद्यालयांत त्याची अभ्यासकेंद्रे आहेत. इमारत त्या महाविद्यालयाची, शिकवणारे बहुधा तेथीलच प्राध्यापक, वर्ग सुट्टीच्या दिवशी, आणि पुस्तके व परीक्षा विद्यापीठाच्या. तालुक्याच्या गावी नव्या इमारती बांधण्याइतका पैसा कधीच मिळाला नसता, म्हणून शिक्षण तुटलेल्या गृहिणी, पोलीस, एस.टी. कर्मचारी आणि शेतकरी यांच्यापर्यंत विद्यापीठ या मार्गानेच पोहोचले.

पण या रचनेची मर्यादाही मी केंद्रावर काम करताना पाहिली. केंद्र कोणाचे, हे त्या महाविद्यालयाच्या मनावर असते. प्राचार्यांना आस्था असेल तर रविवारी वर्ग भरतात, विद्यार्थ्याला ग्रंथालय उघडून मिळते. नसेल तर केंद्र हे अर्ज स्वीकारण्याची आणि पुस्तके वाटण्याची खिडकी होऊन बसते. त्यामुळे तासिकाताईंनी जो ‘तासाभोवतीचा खर्च’ म्हटला आहे तो मला येथेही तंतोतंत लागू दिसतो. यजमान संस्थेला त्या कामाचा पुरेसा मोबदला आणि त्या कामाविषयी उत्तरदायित्व, दोन्ही हवे.

दक्षिणखाडी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. स्पष्टोक्ती यांच्या प्रतिसादाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कपात कायमची होण्याची भीती खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. परंतु भागीदारी न केल्याने राज्य अधिक पैसे देते असेही कोठे दिसलेले नाही. २००९ ते २०१२ या काळात ज्या तुकड्या बंद झाल्या त्या त्या काळात बंदच राहिल्या, आणि त्यांच्या प्रतीक्षा यादीतील कित्येकांनी पुन्हा नाव नोंदवले नाही. एकवीस वर्षांच्या मुलाला तीन वर्षे थांबवून ठेवले तर तो बहुधा परत येत नाही.

पैशाचे नियम नीट समजून घेतले तर कोणती भागीदारी टिकेल हे बरेचसे आधीच सांगता येते. येथे दोन तिजोऱ्या आहेत आणि त्या एकमेकींत ओतता येत नाहीत. इमारतींचा पैसा स्थानिक मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून येतो आणि तो पगारावर खर्च करणे कायद्याने निषिद्ध आहे. ओलोनी कॉलेजचे नेवार्क येथील देखणे केंद्र २००२ च्या कर्जरोख्यांतून उभे राहून २००८ च्या जानेवारीत उघडले आणि त्याच वर्षी मंदीने गाठले. ‘पैसा नाही म्हणता आणि इमारती बांधता’ हा राग अनेकांना येतो तो यामुळे. फूटहिल कॉलेजने पालो आल्टो शहराकडून भाड्याने घेतलेल्या क्युबर्ली केंद्रात वर्षानुवर्षे वर्ग चालवले आणि पुढे सनीव्हेलमध्ये, बंद झालेल्या ओनिझुका हवाईदल तळाच्या जमिनीच्या एका भागावर स्वतःचे केंद्र बांधून २०१६ मध्ये तेथे स्थलांतर केले. शहर, लष्कर आणि कॉलेज यांच्या सहकार्याचे हे चांगले फळ आहे, पण त्याने सुटला तो जागेचा प्रश्न. वर्ग चालवण्याचा पैसा दुसऱ्या तिजोरीतून येतो.

ती दुसरी तिजोरी विद्यार्थ्यांवर चालते. पूर्वी निधी जवळजवळ पूर्णपणे पूर्णवेळ-समकक्ष विद्यार्थिसंख्येवर (अर्धवेळ विद्यार्थ्यांची बेरीज पूर्णवेळाच्या हिशेबात मांडून) ठरत असे. २०१८ पासूनच्या सूत्रात सुमारे ७० टक्के भाग विद्यार्थिसंख्येचा, २० टक्के गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येचा आणि १० टक्के पदव्या, ट्रान्स्फर (विद्यापीठात पुढील प्रवेश) अशा निष्पत्तीचा आहे. हायस्कुलातील कॉलेजवर्गाचे विद्यार्थी या मोजणीत धरले जातात. याचा अर्थ असा की मागणी घटलेल्या वर्षी, उदाहरणार्थ २०२० नंतर, असा करार कॉलेजला खरोखर निधी आणून देतो. परंतु २०१० सारख्या वर्षी, जेव्हा राज्याने किती विद्यार्थ्यांचे पैसे द्यायचे याची कमाल मर्यादाच खाली आणली होती, तेव्हा मर्यादेपलीकडचा प्रत्येक विद्यार्थी कॉलेज स्वतःच्या खर्चाने शिकवत असते. एकच करार एका वर्षी विस्तार असतो आणि दुसऱ्या वर्षी भार. म्हणून करारात केवळ आजची आकडेमोड न देता, राज्याने मर्यादा खाली आणली तर कोणते वर्ग आधी थांबतील हेही लिहिलेले असावे, असा माझा आग्रह आहे. मूळ आवारातील रात्रीच्या वर्गांचे विद्यार्थी दिवसा नोकरी करतात. त्यांना दुसरा पर्याय नसतो, त्यामुळे ते वर्ग शेवटी थांबावेत.

तासिका यांचा मुद्दाही पैशाच्या नियमात अडकतो. येथे १९६१ पासून असा नियम आहे की शिक्षणावरील चालू खर्चाचा किमान अर्धा भाग वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर व्हावा. हेतू चांगला आहे, पण समुपदेशक आणि ग्रंथपाल दुसऱ्या अर्ध्यात मोजले जातात. त्यामुळे भागीदारीच्या वर्गाला समुपदेशक द्यायचा म्हटले की प्रशासन हात आखडते. यावर उपाय म्हणून तो समुपदेशक शालेय जिल्ह्याने द्यावा आणि कॉलेजाने त्याला प्रशिक्षण द्यावे, असे मी सुचवणार आहे.

कुपर्टिनो_पालक

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आमच्या भागात हायस्कूलची मुले कॉलेजचे वर्ग प्रामुख्याने विद्यापीठ-प्रवेशाचा अर्ज उजळण्यासाठी घेतात. ती वाईट मुले नाहीत, माझी मुलगीही त्यांच्यात होती. पण एबी २८८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की हे करार मुख्यतः कॉलेजच्या वाटेवर नसलेल्या किंवा उच्च शिक्षणात कमी प्रतिनिधित्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. तुटपुंज्या वर्षात ज्या जागा निर्माण होतील त्या आपल्या मुलांनी व्यापू नयेत, एवढे तरी आपण मराठी पालकांनी पाळायला हवे. कोणत्या हायस्कुलांशी करार होतो, हे त्यासाठी सभेत विचारावे.

मृदुला_फ्रीमाँट

हे पटले. दक्षिणखाडी, आम्हापैकी अनेकांना मताधिकार नाही. काहीजण अजून व्हिसावर आहेत. आम्हाला विश्वस्त मंडळाच्या सभेत बोलता येते का?

दक्षिणखाडी (धागाकर्ता)

होय, येते. कॅलिफोर्नियात स्थानिक सार्वजनिक मंडळांच्या सभा १९५३ च्या ब्राउन कायद्याखाली चालतात. नियमित सभेची कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी प्रसिद्ध करावी लागते, आणि पत्रिकेवरील कोणत्याही विषयावर, मंडळाने निर्णय घेण्याआधी, जनतेतील कोणालाही बोलण्याची संधी द्यावी लागते. त्यासाठी नागरिक असण्याची अट नाही, आणि सभेस उपस्थित राहण्यासाठी नाव नोंदवण्याची सक्तीही करता येत नाही. हायस्कुलाशी होणारा करार दोन्ही मंडळांना खुल्या सभेतच मंजूर करावा लागतो, त्यामुळे शालेय मंडळाच्या सभेतही हाच अधिकार आपल्याला आहे. बोलण्यास दोन-तीन मिनिटेच मिळतात. कराराचा मसुदा पत्रिकेला जोडलेला असतो. त्यात निधीची तरतूद, शिक्षक कोणाचा आणि करार संपवण्याच्या अटी ही तीन कलमे आधी वाचून यावीत. मसुदा प्रसिद्ध झाला की त्यातील ही कलमे मी मराठीत सारांशाने येथेच देईन.